पाचवा तक्ता

परकार मास्तर कुणाला भेटले की नमस्कार, सलाम, रामराम यांतलं काही करायच्या आधी विचारायचे, "पानी बघितलंस का?" नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा तहानलेला आहे. एकदोघांनी त्यांना खरोखर तांब्याभर पाणी आणून दिलं होतं. मास्तर ते निमूट पिऊन टाकायचे, कारण कुणी आणलेलं पाणी परत करू नये असं त्यांचं मत होतं. मग तांब्या खाली ठेवून पुन्हा विचारायचे, "ते झालं. पन पानी बघितलंस का?"

त्यांचं पाणी म्हणजे बॉयलरमधलं पाणी. पाळीवर आलेल्या माणसानं सगळ्यात आधी, हातातला डबा ठेवायच्याही आधी, बॉयलरला लावलेल्या काचेच्या नळीत पाणी किती आहे ते बघायचं, हा त्या धंद्यातला पहिला नेम. मास्तरांनी तो बॉयलरपुरता ठेवला नाही. खोपोलीच्या बाजारात चहाला गेले की किटलीचं झाकण उचलून बघत. कर्जतजवळच्या माझ्या घरी मुलीच्या बारशाला मी त्यांना बोलावलं, तर बाळ बघायच्या आधी हा गृहस्थ मोरीकडे गेला. तिथं बंब पेटलेला होता.

"वहिनी, बंबात पानी किती हाय?"

माझी बायको गडबडीत होती. म्हणाली, "असेल की."

"असेल म्हणजे नाय," मास्तर म्हणाले आणि बादली उचलून स्वतःच ओतायला लागले. जमलेल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. बंबातलं पाणी खरंच तळाला गेलं होतं, हे बायकोनं मला दोन दिवसांनी सांगितलं.

मी घरत. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला माणूस. खोपोलीतल्या एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत मी टायपिस्ट-कारकून होतो. संस्थेची एक शाळा होती, आणि शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत एक वर्ग चालायचा. कारखान्यात बॉयलर चालवायचा तर सरकारी परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. त्या परीक्षेची तयारी करून घेणारा हा वर्ग. पहिली पाळी सुटली की साडेतीनला कोळशानं माखलेली माणसं तिथं जमायची. तो वर्ग म्हणजे परकार मास्तर, आणि परकार मास्तर म्हणजे तो वर्ग.

त्यांचं चरित्र मला नीट ठाऊक नाही. श्रीवर्धनकडचे, तरुणपणी आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायला होते, मग खोपोलीच्या एका कारखान्यात बॉयलरवर वीसेक वर्षं काढली, एवढंच माहीत. उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत एकही केस नव्हता. तिथली कातडी गुळगुळीत, गुलाबी होती. वर्गाच्या पहिल्या दिवशी ते बाही वर करून हात सगळ्यांपुढून फिरवायचे. "हा माझा पयला धडा. वाफेनं शिकवला. तुमी माझ्याकडून शिका, स्वस्तात पडेल."

शिकवायला त्यांच्याकडे होतं काय, तर एक तेलाचा डबा. कुंभिवलीच्या हमरस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून त्यांनी जुने पितळी कॉक आणले होते, शाळेच्या प्रयोगशाळेतून एक काचेची नळी मागून घेतली होती, आणि हे सगळं कथलाच्या डागानं डब्याला जोडून एक खेळण्यातला बॉयलर केला होता. खाली स्टोव्ह. डब्याच्या अंगाला उभी काच, काचेला तीन कॉक. वरचा वाफेचा, मधला पाण्याचा, खालचा काच धुऊन पाणी बाहेर सोडायचा. प्रत्येक कॉकला एकेक दांडी.

आता हे जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं या तीन दांड्यांवर आहे. आपल्या घरच्या पाइपाला कॉक असला तर दांडी पाइपाच्या रेघेत असली की चालू आणि आडवी झाली की बंद. शहाण्या माणसाला हेच माहीत असतं. बॉयलरच्या काचेचं मात्र उलटं आहे. तिथं रोजच्या कामात तिन्ही दांड्या खाली लोंबत्या ठेवायच्या. वरच्या दोन कॉकांचे पाइप आडवे, आणि दांड्या खाली. बघणाऱ्याला वाटावं बंद आहेत, पण ते चालू असतात. तिसऱ्याची, खालच्या कॉकची, दांडी खाली असली की मात्र तो बंद.

"का?" मास्तर विचारायचे, आणि स्वतःच सांगायचे. "बॉयलर दिवसभर थरथरतो रं. आडवी दांडी थरथरून थरथरून आपसूक खाली येनार. खाली आल्यावर जर कॉक बंद झाला, तर तुला कोन सांगनार? म्हनून ज्यानं ह्ये बनवलं त्यानं खालीच चालू ठेवलं. शाळेतली तीन पोरं समज. तिघांची मान खाली हाय तवर लिवतायत. एकानं मान वर केली की समज, कायतरी चाललंय."

मग ते एकेकाला पुढं बोलावून डोळे मिटायला लावायचे आणि दांड्या हाताळायला लावायचे. पंचवीस वेळा. पन्नास वेळा. भात लावायला जाणारी, कारखान्यात लोड उचलणारी ती माणसं वैतागायची. पण परीक्षेच्या तोंडीला बॉयलर इन्स्पेक्टरनं विचारलं की त्यांचे हात हवेतच बरोबर फिरायचे.

तरी मास्तरांचा जीव होता छापील वस्तूंवर. त्यांना मराठी सावकाश वाचता यायचं, इंग्रजी नाही. माझ्या टाइपरायटरजवळ उभे राहून ते अक्षरं उमटताना बघत. "घरत भाऊ, तुमी मारलंत की ते खरंच वाटतं," म्हणायचे. दर वर्षी संस्थेच्या अध्यक्षांकडे त्यांचा एकच अर्ज असे: रंगीत तक्ते घ्या. मुंबईच्या एका प्रकाशनाचा तांत्रिक वर्गांसाठी संच निघाला होता, बारा तक्ते आणि शिकवणाऱ्यासाठी एक इंग्रजी मार्गदर्शिका. अर्ज मीच टाइप करायचो. एका अर्जात त्यांनी मला मुद्दाम घालायला लावलेलं वाक्य मला अजून पाठ आहे: "काळ्या फळ्यावर आगही पांढरी आणि पाणीही पांढरे दिसते, तरी विचार व्हावा."

अध्यक्ष भाऊसाहेब भाताच्या गिरणीचे मालक. माणूस वाईट नव्हता, पण संचाची किंमत म्हणजे त्या वर्गाची वर्षाची फी. मार्गदर्शिका तर त्याच प्रकाशनाच्या, शिकणाऱ्यासाठी काढलेल्या पुस्तकाच्या चौपट महाग आणि पानांनी निम्मी. "परकार, तुमचा डबा आहे की," म्हणून ते अर्ज बाजूला ठेवायचे.

मग सरकारची टूम निघाली की अशा वर्गांना मान्यता घ्यावी लागेल, आणि मान्यतेला छापील प्रशिक्षण साहित्य हवं. भाऊसाहेबांनी मुकाट्यानं पैसे काढले. ऑर्डर मी टाइप केली.

पार्सल आलं तो दिवस मला आठवतो. मास्तर न्हाऊन, इस्तरीचा सदरा घालून आले होते. कापडावर चिकटवलेले गुळगुळीत तक्ते, वर-खाली काळ्या पट्ट्या, आग लाल, वाफ पिवळी, पाणी निळं. मास्तरांनी पहिला तक्ता उलगडला आणि नुसता हात फिरवत राहिले. वास घेतला. "काय कागद हाय," म्हणाले. दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा उलगडला आणि त्यांचा हात थांबला.

पाचव्या तक्त्यावर बॉयलरच्या पाण्याची काच होती. खालची दांडी खाली लोंबती, बरोबर. वरच्या दोन दांड्या पाइपाच्या रेघेत आडव्या, आणि शेजारी बाण काढून इंग्रजीत लिहिलं होतं: चालू. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. मास्तर चष्मा पुसून तक्त्याच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक कागदाला लागलं. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या कुणा चित्रकाराला वाटलं असणार की जुन्या पुस्तकात चूक आहे, आणि त्यानं शहाणपणानं ती दुरुस्त केली असणार. खालची दांडी दुरुस्त करायची मात्र राहून गेली.

"तिन्ही चुकवल्या असत्या तर बरं व्हतं," मास्तर हळू म्हणाले. मला कळेना. ते म्हणाले, "तिन्ही आडव्या केल्या तर खालचा कॉक उघडतो, काच रिकामी व्हते. पोरगा घाबरतो, धावत येतो. ह्यानं दोनच चुकवल्या. वाफेची वाट बंद, पान्याची पन बंद. काचेत जेवढं पानी हाय तेवढं तसंच उभं ऱ्हानार. बॉयलर कोरडा पडला तरी काचेत पानी दिसनार, घरत भाऊ."

मी आजवर कुणाच्या तोंडून इतक्या शांतपणे इतकं भयंकर काही ऐकलेलं नाही.

पत्र लिहायचं ठरलं. मास्तर मराठीत सांगायचे, मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मारायचो. पहिल्या पत्राला छापील कार्ड आलं: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, पुढील आवृत्तीत विचार करू. दुसऱ्या पत्राबरोबर मास्तरांनी स्वतः पेन्सिलीनं काढलेलं चित्र पाठवलं. उत्तर आलं की हे तक्ते तज्ज्ञांच्या समितीनं पाहिलेले आहेत. तिसऱ्या पत्राला उत्तर नाही. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत मी फायलीला लावत गेलो, कारण ती माझी सवय होती.

भाऊसाहेब म्हणाले, "परकार, तिथं इंजिनियर बसलेत. तुमच्या-माझ्यासारखे नाहीत."

"भाऊसाहेब, मी वीस वर्सं ती दांडी रोज धरलीय."

"तेच म्हणतो. तुम्ही धरली. त्यांनी शिकलीय."

मास्तरांनी मग घरी कागद कापून, रंगवून दोन दांड्या केल्या आणि खळीनं तक्त्यावर चिकटवल्या, खाली लोंबत्या. काम इतकं नेटकं होतं की लांबून कळलं नसतं. पण मान्यतेसाठी साहेब येणार म्हणून भाऊसाहेब आदल्या दिवशी खोल्या बघत फिरले आणि त्यांना ते दिसलं. एवढ्या महागाचा संच आणि त्यावर ठिगळं. त्यांनी शिपायाकडून ओल्या फडक्यानं काढून घेतली. साहेब आले, तक्ते बघून खूश झाले. कोपऱ्यातला डबा दिसला तेव्हा त्यांनी विचारलं, "हे भंगार वर्गात कशाला?" डबा मागच्या पडवीत गेला आणि मान्यता मिळाली.

मान्यता मिळाली म्हणून माणसं वाढली, आणि वाढली म्हणून सकाळचा दुसरा वर्ग निघाला. त्याला कुलकर्णी नावाचा तरुण डिप्लोमावाला ठेवला. पोरगा सरळ होता. मार्गदर्शिकेची बांधणी पहिल्याच महिन्यात सुटली, चाळिसावं पान दोनदा आलेलं आणि एक्केचाळिसावं आलेलंच नाही, तरी तो सुटी पानं दोऱ्यानं बांधून इमानदारीनं तिच्याबरहुकूम शिकवायचा. मास्तर त्याला पडवीत घेऊन गेले, डबा दाखवला. त्यानं नीट बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, हा जुन्या प्रकारचा असेल. नव्या बॉयलरला बदललं असेल. मी पुस्तकातलं नाही शिकवलं आणि परीक्षेत तेच विचारलं तर मुलांचं नुकसान माझ्या माथी." त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

परीक्षेच्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी येऊन बसले. दोन्ही वर्गांची माणसं ठाण्याला परीक्षेला गेली होती.

"घरत भाऊ, सकाळच्या वर्गाला तोंडीत काच इचारली पायजे. इचारली की अकराच्या अकरा नापास." मग म्हणाले, "आज नमाजात मी दुवा मागितली. पोरं नापास करा म्हनून. मास्तर आसून."

अकराच्या अकरा पास झाले. इन्स्पेक्टरनं त्या दिवशी सेफ्टी व्हॉल्व्ह विचारला होता. भाऊसाहेबांनी पेढे वाटले. मास्तरांनी पेढा खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अकरा माणसं शोधायला सुरुवात केली. पत्ते मी रजिस्टरातून उतरवून दिले. पासष्टीच्या पुढचा माणूस, गुडघे धरलेले, कधी एस.टी.नं, कधी कुणाच्या टेंपोत बसून, कधी पायी जायचा. एक खालापूरच्या पलीकडे गावात सापडला, दोन इथंच कागदाच्या कारखान्यात, एक सासुरवाडीला गेलेला तिथं जाऊन गाठला. सापडला की मास्तर तिथल्या तिथं, रस्त्यात असो की शेताच्या बांधावर, त्याचे डोळे मिटायला लावून हवेत तीन दांड्या धरायला लावायचे. लोक हसायचे. मास्तर परत आले की माझ्या यादीवर रेघ मारायचे.

अकरावा हिरामण. रसायनीच्या बाजूला एका लहानशा रंगाच्या कारखान्यात तो लागला होता. एकच कोळशाचा बॉयलर, एक जुना माणूस, त्याच्या हाताखाली हा. मास्तर दोनदा गेले. पहिल्यांदा पहारेकऱ्यानं परतवलं. दुसऱ्यांदा हिरामण फाटकाशी आला, पण मास्तरांना आत सोडलं नाही. लोखंडी गजांच्या अलीकडे मास्तर, पलीकडे तो. मास्तरांनी गजावर बोटं धरून दाखवलं. हिरामणनं मान डोलावली. "व्हय मास्तर. समजलं मास्तर." वाकून पायाला हात लावता येत नव्हता म्हणून गजातून त्यानं मास्तरांच्या हाताला हात लावून डोक्याला लावला. मास्तर परत आले आणि यादीवर अकरावी रेघ मारली. पण ती पूर्ण मारली नाही, मध्येच थांबले. "त्यानं मान लई लवकर डोलावली," म्हणाले.

आठ दिवसांनी तो जुना माणूस भाच्याच्या लग्नाला रजेवर गेला आणि हिरामण पहिल्यांदा एकटा बॉयलरवर उभा राहिला. मालकानं कायद्याप्रमाणे बॉयलरच्या खोलीत सूचनांचा तक्ता लावला होता. तोच संच, तोच पाचवा तक्ता, काचेच्या चौकटीत बसवलेला. हिरामणनं आल्याबरोबर पाणी बघितलं. काचेत अर्ध्यावर होतं. मग त्यानं दांड्या बघितल्या, तक्ता बघितला, आणि त्याला वाटलं की जुना माणूस जाताना दोन कॉक चुकून बंद ठेवून गेलाय. त्यानं ते उघडले. म्हणजे बंद केले. दुपारपर्यंत काचेत पाणी अर्ध्यावर होतं, म्हणून त्यानं पंप लावला नाही. दुपारी भट्टीच्या माथ्यावरचं शिशाचं बूच वितळलं. पाणी संपलं की वितळून वाफेनं आग विझवावी यासाठीच ते असतं, आणि त्यानं आपलं काम चोख केलं. बॉयलर वाचला. हिरामण त्याच वेळी भट्टीचं दार उघडून कोळसा मारत होता.

तो जगला. चेहरा आणि दोन्ही हात भाजले. बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. मास्तर त्याला इस्पितळात भेटले तेव्हा मी बरोबर होतो. पट्ट्यांमधून तो बोलला, "मास्तर, तुमी सांगितलं व्हतं. माज्या ध्यानात व्हतं. पन ते छापील व्हतं ना." मास्तर खाटेच्या कडेला बसून राहिले. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून रडलो.

चौकशी झाली. भाऊसाहेबांनी मला आदल्या दिवशी बोलावून घेतलं. "घरत, संस्थेची कागदपत्रं संस्थेतच राहतील. मान्यता जायची. शाळाही त्यात येईल. तुमच्यासकट अठरा माणसांचं पोट आहे." मी हो म्हणालो.

मास्तर चौकशीला कुणी न बोलावता गेले. मीही गेलो, मागच्या बाकावर बसलो. चौकशीचे साहेब सभ्य होते. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्याकडे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे?"

"बॉयलरचं हाय साहेब. पयल्या वर्गाचं."

"ते चालवण्याचं. शिकवण्याचं?"

मास्तरांनी बाही वर करायला हात नेला आणि मग नुसता तसाच ठेवला. "ते नाय, साहेब."

"मग तक्त्यात चूक आहे हे तुम्ही कोणत्या अधिकारानं सांगता? आधी कुठं लेखी कळवलं होतं?"

"तीन पत्रं टाकली साहेब. इंग्रजीत. त्याच्या नकला हायत." आणि मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं.

फाईल माझ्या कपाटात होती. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी चपलेचा अंगठा बघत राहिलो. मास्तर पुन्हा साहेबांकडे वळून म्हणाले, "नकला कुठं ठेवल्या ते मला आटवत नाय." मला वाचवायला ते खोटं बोलले. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही, आणि तरीही मी उठलो नाही.

बॉयलर चालवणाऱ्या अटेंडंटचा निष्काळजीपणा, असा निकाल लागला. हिरामणचं सर्टिफिकेट रद्द झालं.

त्या वर्षअखेर मास्तरांनी वर्ग सोडला. निरोपाचा नारळ घेतला, भाषण केलं नाही. त्यानंतरही ते मला बाजारात भेटायचे आणि विचारायचे, "घरत भाऊ, पानी बघितलंत?" आवाजात जराही बदल नव्हता. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

तीन-चार वर्षांनी सरकारी परिपत्रक आलं की मान्यताप्राप्त वर्गांनी त्याच संचाची नवी आवृत्ती घ्यावी. किंमत दीडपट झाली होती. मार्गदर्शिका या वेळी जाड पुठ्ठ्याची. पार्सल सोडून मी नेहमीप्रमाणे पहिलं पान चाळलं, आणि आभाराच्या परिच्छेदात मला नाव दिसलं. दोन प्राचार्य, एक निवृत्त इन्स्पेक्टर, आणि शेवटी: श्री. यु. परकार, खोपोली, यांच्या बहुमोल सूचनांबद्दल. पत्रांखाली मी टाइप केलेलं नाव. त्यांनी जपून ठेवलं होतं तर. मी तक्ते उलगडूनही बघितले नाहीत. मार्गदर्शिका बगलेत मारली, पाचवा तक्ता गुंडाळलेलाच उचलला आणि थेट मास्तरांच्या घरी गेलो. मला वाटलं, उशिरा का होईना, माणसाचं कुणीतरी ऐकलं. खरं सांगायचं तर मला वाटलं की मी सुटलो.

मास्तर ओट्यावर उन्हात बसले होते. बरेच वाळले होते. मी त्यांना ओळ वाचून दाखवली, मराठीत अर्थ सांगितला, त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. आतून त्यांची सून आली. तिनं पुस्तक हातात घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. "अब्बा, तुमचं नाव छापलंय. इंग्रजीत छापलंय." ती लगबगीनं शेजारणींना सांगायला गेली.

मास्तरांचं बोट नावावरून हललं नव्हतं. त्यांनी विचारलं, "आनि तक्ता?"

मी ओट्यावर तक्ता पसरला. नवे रंग, जास्त झगझगीत. निळ्याच्या दोन छटा. वरच्या दोन दांड्या आडव्या. शेजारी बाण: चालू.

मास्तरांनी चष्मा पुसला नाही, जवळ जाऊन बघितलं नाही. म्हणाले, "माझं नाव घातलंनी. ह्याच्या खाली माझं नाव घातलंनी, घरत भाऊ."

"आपण पत्र लिहू, मास्तर," मी म्हणालो, आणि म्हणतानाच माझी मला शरम वाटली.

त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागितलं. पुस्तक मांडीवर घेऊन, मी दाखवलेल्या ओळीवर, लिहायला शिकणाऱ्यासारखं पेन घट्ट धरून, त्यांनी आपल्या नावावर काट मारली. पुन्हा मारली. कागद फाटेस्तोवर मारली. पेन मला परत दिलं.

"हा एक झाला. आसे किती छापले आसतील?"

मी पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात सून आली, बरोबर चार-पाच शेजारणी आणि त्यांची पोरं. तिच्या हातात साखरेची वाटी होती. एका म्हातारीनं मास्तरांच्या डोक्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. पोरं नाव बघायला वाकली. मास्तरांनी त्या पानावर आपला भाजका हात पालथा ठेवला आणि तो तसाच दाबून धरला. कुणी कितीही म्हटलं तरी उचलला नाही. सुनेनं चिमूटभर साखर पुढं केली तेव्हा त्यांनी दुसरा हात पसरला, साखर घेतली आणि सगळ्यांदेखत खाल्ली.